मंडळीच्या पेटीतला पैसा

प्रश्न: आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत दान सक्तीचं होतं का? पैसा जायचा कुठे? आणि फुकटे कसे ओळखत?

उत्तर: सक्ती नव्हती. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन इ.स. 197 च्या सुमारास लिहितो की ज्याची ऐपत आणि इच्छा असेल त्यानेच महिन्यातून एकदा पेटीत टाकावं. खर्चाच्या बाबीही तो देतो: गरिबांचं दफन, अनाथ मुलं, घरी बसलेले म्हातारे, जहाज फुटून नागवलेले आणि श्रद्धेपायी खाणीत, बेटांवर किंवा तुरुंगात पडलेले. रोमची मंडळी 251 च्या सुमारास 1500 हून अधिक विधवा व गरजू पोसत होती.

पैशाइतकंच कापडचोपड महत्त्वाचं. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता इथे 303 मध्ये मंडळीच्या मालावर सरकारी जप्ती आली, तेव्हा स्त्रियांचे 82 अंगरखे, पुरुषांचे 16, बायकांच्या पादत्राणांचे 47 जोड आणि पुरुषांचे 13 अशी नोंद झाली. बहुतेक माल विधवांसाठी असणार, हे आकडेच सांगतात.

फुकट्यांसाठी ‘डिडाखे’ या जुन्या नियमावलीत चोख तोडगा आहे: वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवा, मुक्काम ठोकायचा असेल तर कामाला लावा. पैसे मागणारा प्रेषित खोटा समजा. नव्या करारातल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रानुसार विधवांच्या यादीत येण्यासाठी वय साठ हवं, आणि नातलग असतील तर भार आधी त्यांच्यावर.

वाटपात भांडणंही झाली. यरुशलेमेत ग्रीक भाषिक विधवा रोजच्या वाटपातून सुटू लागल्या, म्हणून सात जण नेमावे लागले. मोठा देणगीदार मात्र डोईजड होऊ देत नसत: वेगळी शिकवण देणाऱ्या श्रीमंत मार्सियनला रोमच्या मंडळीतून काढलं तेव्हा त्याने दिलेले 2 लाख सेस्टर्स (रोमन नाणी) परत केले.