नकळत होणारी निवड : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. कुणाच्या मनात वाईट नसतानाही कामाच्या ठिकाणी काही माणसं मागे राहतात, ती का आणि त्यावर करायचं काय, असं वाचकांनी विचारलं आहे. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : चाकणला आमचा गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. ४५ माणसं आहेत. भरती मी आणि प्रॉडक्शन मॅनेजर मिळून करतो. जात, गाव, बाई-पुरुष असं आम्ही काही बघत नाही. पण परवा मुलाने हजेरीपट चाळून विचारलं, "बाबा, ऑपरेटर सगळे दोनच तालुक्यांतले कसे? आणि शॉपवर (मशीनच्या विभागात) एकही बाई का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : उत्तर बहुतेक तुमच्या भरतीच्या वाटेतच सापडेल. जागा रिकामी झाली की सुपरवायझरला सांगायचं, "ओळखीचं कुणी असेल तर बघ." तो भाच्याला, नाही तर गावातल्या मुलाला घेऊन येतो. मुलगा चांगला असतो, टिकतो, म्हणून पुढच्या वेळीही तेच. यात वाईट हेतू कुणाचाच नाही, पण ज्याचं तुमच्या आवारात ओळखीचं कुणी नाही त्याला जागा असल्याचंही कळत नाही. ओळखीने येणाऱ्यांना बंदी घालू नका. मात्र तीच जाहिरात जवळच्या शासकीय आयटीआयत आणि रोजगार मेळाव्यातही जाऊ द्या, अर्जाला किमान १० दिवस ठेवा आणि चाचणी सगळ्यांना एकच द्या.

यापुढचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेक जण गाळतात. अर्ज उघडण्याआधी कामाच्या कसोट्या कागदावर लिहून त्यांचे गुण ठरवा. असं का, ते २००५ साली उलमान आणि कोहेन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी त्यांनी लोकांपुढे पुरुष आणि स्त्री उमेदवार ठेवले. पुरुष शिकलेला दाखवला की लोक म्हणत, या पदाला शिक्षण हवं. पुरुष रस्त्यावरच्या अनुभवात मुरलेला दाखवला की म्हणत, अनुभव हवा. आपण गुणवत्ता पाहूनच निवड केली, असं प्रत्येकाला मनापासून वाटत होतं. कसोट्या आधी ठरवून घेतल्या तेव्हा हा झुकाव उरला नाही.

तुमच्याकडे क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा आहे असं धरू. १०० गुण असे वाटता येतील : प्रत्यक्ष मोजमाप ४०, ड्रॉइंग वाचणं २५, ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत २५, नोंदी लिहिणं १०. मोजमापाला तीन पीस, एक व्हर्निअर, एक मायक्रोमीटर आणि पाच मापं दाखवणारं ड्रॉइंग द्या. वेळ ४० मिनिटं. तिन्हींपैकी एक पीस टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) जरासा बाहेरचा हवा. उमेदवार मायक्रोमीटरचा शून्य तपासतो का, हेही टिपा. चाचणीच्या कागदावर नाव नको, क्रमांक हवा, आणि तपासणारा वेगळा हवा. अर्जावरचं नुसतं नाव झाकलं की काम झालं असं समजू नका. फोटो, वडिलांचं नाव, गाव, शाळा आणि वैवाहिक स्थिती यांतूनही सगळं कळतं. म्हणून बायोडेटा मागवण्याऐवजी एका पानाचा स्वतःचा फॉर्म करा आणि हे रकाने त्यात ठेवूच नका. कागदपत्रं निवड झाल्यावर बघता येतात.

मुलाखतीला पाच-सहा प्रश्न पुरतात, पण ते सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने विचारायचे. उत्तर कसं जोखायचं तेही आधी लिहायचं. उदाहरणार्थ, "सलग तीन पीस ओव्हरसाइज निघाले, काय कराल?" ऑफसेट (मशीनमधली टूलच्या मापाची दुरुस्ती) बदलून मशीन चालूच ठेवीन, याला १. मशीन थांबवून सुपरवायझरला सांगीन, याला ३. मशीन थांबवीन, शेवटच्या ओके पीसनंतरचा सगळा माल बाजूला काढीन, मोजायचं साधन आणि टूलची झीज तपासीन, दुरुस्तीनंतर पहिला पीस पास करून घेईन, याला ५. तुम्ही आणि मॅनेजर गुण वेगवेगळे लिहा आणि लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नका. चर्चा सुरू झाली की मॅनेजरला आधी बोलू द्या. मालकाने "पोरगा चांगला वाटतो" म्हटलं की खालचा माणूस आपले आकडे त्याकडे वळवतो.

मुलाखती बिघडतात त्या पहिल्या दहा मिनिटांत. "गाव कुठलं? अमके तुमचे कोण?" इथे ओळख निघाली की पुढची उत्तरं गोड लागतात, नाही निघाली की तीच उत्तरं कोरडी वाटतात. पाणी विचारा, कामाचं स्वरूप सांगा आणि थेट पहिल्या प्रश्नावर या. "आपल्यात बसेल का?" ही कसोटी पूर्ण काढून टाका. तिच्यामागे खरी गरज असेल, समजा पाळी बदलताना नीट निरोप देणं, तर ती गरज लिहा आणि तिचा प्रश्न करा.

बायकांबद्दल : "रात्रपाळी आहे म्हणून घेत नाही" हे कारण महाराष्ट्रात आता टिकत नाही. स्त्रीची संमती, ने-आण आणि सुरक्षेच्या अटी पाळून कारखान्यात रात्रपाळी देता येते. त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. शॉपजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली आहे का? नसेल तर तुमच्या जाहिरातीवर काहीही छापलेलं असो, येणारी बाई दारातूनच परत जाईल.

वर्षभर एक वही ठेवा : अर्ज किती आले, चाचणीला किती बसले, मुलाखतीला किती, घेतले किती, प्रत्येक टप्प्यावर स्त्री-पुरुष, जिल्हा आणि माहिती कुठून कळली. वर्षाला दहाच माणसं घेत असाल तर टक्केवारी काढू नका, एकाच माणसाने ती उलटीपालटी होते. गळती कोणत्या टप्प्यावर होते तेवढं पाहा.

प्रश्न : मी गोंदियाचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. "करून राहिलो" म्हटलं की टीम हसते. नवीन माणूस भेटला की पूर्ण नाव, मग आडनाव, मग "म्हणजे नेमके कुठले?" अप्रेझलमध्ये दोन वर्षं "कम्युनिकेशन सुधारा" एवढंच लिहिलंय. मी जास्त मनाला लावून घेतोय का?

उत्तर : नाही. तुम्हाला जे जाणवतं आहे ते खरं आहे. आडनावाचा परिणाम किती दूर जातो याची मोजदाद आपल्याकडे झालेली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा दलित नावांना बोलावणी कमी आली, मुस्लिम नावांना आणखी कमी. हा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त छापून आला. अर्ज बाजूला ठेवणाऱ्यांपैकी कितीजणांना आपण भेदभाव करतो आहोत असं वाटलं असेल?

सगळ्यांत आधी अप्रेझलचा प्रश्न धरा, कारण पगार आणि बढती तिथे अडते. "कम्युनिकेशन सुधारा" हा शेरा इतका मोघम आहे की त्यात उच्चाराबद्दलची नापसंतीही बसते आणि खरी उणीवही. मॅनेजरला लेखी विचारा : कोणत्या मीटिंगमध्ये किंवा मेलमध्ये अडलं? त्यामुळे कामाचं काय नुकसान झालं? पुढच्या तीन महिन्यांत काय दिसलं म्हणजे सुधारणा झाली म्हणाल? उदाहरण मिळालं, समजा क्लायंटला उशिराची कल्पना आधी दिली नाही, तर ती उणीव खरी आहे आणि भरून निघणारी आहे. एकही उदाहरण मिळालं नाही, तर त्या मेलचं उत्तर जपून ठेवा.

हसण्याबद्दल एकेकट्याशी बोला, चारचौघांत नको. "माझी बोली हीच आहे, कामाचं काही कळलं नसेल तर विचार, पण नक्कल करू नकोस," एवढं पुरे. आडनाव खोदणाऱ्याला "कामासाठी पहिलं नाव पुरेल" असं शांतपणे सांगून विषय कामाकडे न्या. तरीही चालूच राहिलं तर तारीख, जागा, नेमके शब्द आणि हजर माणसं त्याच दिवशी लिहून ठेवा आणि एचआरकडे लेखी द्या. खासगी नोकरीतल्या सगळ्या प्रकारच्या भेदभावाला लागू होईल असा एकच कायदा आपल्याकडे नाही, म्हणून या नोंदींना फार मोल आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. तो कंपनीची आतली बाब म्हणून मिटवायचा विषय नाही.

या टीममधल्या बाकीच्यांनाही सांगणं आहे. नक्कल झाल्यावर जवळच्या माणसाने तिथल्या तिथे "पुढे बोल रे, तू काय सांगत होतास?" म्हटलं, तर त्याचा उपयोग नंतरच्या सहानुभूतीपेक्षा कितीतरी जास्त होतो.

प्रश्न : प्रसूती रजेवरून परत आले तर माझा प्रोजेक्ट दुसऱ्याला दिलेला. "बाळ लहान आहे, तुला त्रास नको म्हणून" असं सर म्हणाले. ते खरंच चांगल्या मनाने म्हणाले, म्हणून भांडताही येत नाही. (ठाणे)

उत्तर : भांडायची गरजही नाही. सरांचा हेतू मान्य करा आणि निर्णय परत मागा. त्याच आठवड्यात अशी छोटी मेल करा : "काळजीबद्दल आभार. माझ्या कामाच्या वेळा आणि प्रवासाबद्दलचे निर्णय मी घेऊन तुम्हाला कळवेन. रजेपूर्वीच्या जबाबदाऱ्या अमुक तारखेपासून परत घेण्यास मी तयार आहे. हस्तांतराला दोन आठवडे लागतील असा अंदाज आहे." प्रोजेक्ट मधल्या टप्प्यावर असेल आणि परत देणं अवघड असेल, तर तोलामोलाचं दुसरं काम मागा, आणि तोलामोलाचं म्हणजे काय तेही लिहा : टीमचा आकार, क्लायंटशी थेट संबंध, बढतीच्या निकषांत त्याचं वजन.

कायद्याची बाजू अशी. पहिल्या दोन अपत्यांपर्यंत पगारी रजा २६ आठवड्यांची आहे. रजेवर असताना नोकरीच्या अटी स्त्रीच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळतो, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय लागते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बदली, प्रशिक्षण आणि बढतीत स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई आहे.

या वर्षीच्या अप्रेझलकडे डोळे लावून ठेवा. वर्षाचं उद्दिष्ट १२ मॉड्यूलचं आणि काम केलं सहा महिने, तर मोजणी सहाशी व्हायला हवी. बऱ्याच ठिकाणी बारा महिने काम केलेल्यांच्या यादीत रजेवरून आलेल्या स्त्रीचे सहा महिन्यांचे आकडे घालतात आणि ती तळाला दिसते. हे मुद्दाम होत नाही, एक्सेलमध्ये हजर महिन्यांचा रकानाच नसतो. तो घालायला सांगा.

प्रश्न : व्यवस्थापनाने 'अजाण पूर्वग्रहांवर' अर्ध्या दिवसाची कार्यशाळा ठरवली आहे. तेवढ्याने फरक पडेल? (एचआर, नागपूर)

उत्तर : तेवढ्यानेच, नाही. २०१९ साली मानसशास्त्रज्ञांनी ४९२ अभ्यास एकत्र तपासले. मनातल्या नकळत जोडण्या (अमुक गटाची माणसं म्हणजे अमुक गुण) थोड्या हलवता येतात, पण त्या हलल्या म्हणून वागणं बदलल्याचं दिसलं नाही. त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीतल्या तासाभराच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा अभ्यास झाला, त्यातही मतं थोडी सरकली, वागण्यात फारसा फरक पडला नाही. उलट एक धोका आहे : कार्यशाळा झाली म्हणजे आपल्याकडचा प्रश्न सुटला, असं सगळ्यांना वाटू लागतं.

ठरलीच आहे तर रद्द करू नका, तिचा उपयोग करा. व्याख्यान ४५ मिनिटांत आटपा. उरलेल्या वेळात प्रत्येक विभागप्रमुखाला आपल्या मागच्या पाच निवडींचे आणि पाच अप्रेझलांचे कागद घेऊन बसवा. कसोटी आधी लिहिलेली होती का, गुण स्वतंत्र दिले होते का, शेऱ्यामागे उदाहरण आहे का, एवढं तपासायचं. जाताना प्रत्येकाने एकच प्रक्रिया बदलायची आणि तीन महिन्यांनी तिचे कागद दाखवायचे.

प्रश्न : नाशिकच्या आमच्या २२ जणांच्या ऑफिसात, अकाउंट्सला, जन्मापासून ऐकू न येणारी एक मुलगी पुढच्या महिन्यात रुजू होते आहे. सगळे उत्साहात आहेत, पण गोंधळलेलेही. काय तयारी करू?

उत्तर : पहिलं काम, तिलाच विचारा. भारतीय खुणांची भाषा, लेखी मराठी, श्रवणयंत्र की ओठवाचन, यांतलं तिला काय सोयीचं ते तिलाच माहीत. ओठांवर सगळं कळत असेल असं धरून चालू नका. "पार", "बार" आणि "मार" ओठांवर सारखेच दिसतात. खुणांच्या भाषेत वाढलेल्या व्यक्तीसाठी लेखी मराठी ही दुसरी भाषा असू शकते, म्हणून सूचना छोट्या वाक्यांत द्या. तिची वाक्यरचना वेगळी दिसली म्हणून अकाउंट्समधली समज कमी मानू नका.

टेबल दाराकडे तोंड करून ठेवा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, चेहरा अंधारात जातो. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी द्या, एका वेळी एकानेच बोलायचं आणि बोलण्याआधी हात वर करायचा. मीटिंग तासाहून मोठी असेल तर खुणांच्या भाषेचे दुभाषे दोन बोलवा, ते साधारण २० मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. बोललेलं लिहून दाखवणारी मोबाइल अॅप्स मराठीतही चालतात, पण रकमा आणि नावं हमखास चुकतात. तुमच्या विभागात त्या लेखीच ठरवा. सप्लायरचे फोन मेल किंवा चॅटवर वळवा. पण "फोन करता येत नाही" म्हणून थकबाकीची वाटाघाट किंवा ऑडिट यांतून तिला वगळू नका. बढती याच कामांतून मिळते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण लागतं. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात सोयी, निवडीची पद्धत आणि संपर्क अधिकारी यांचा तपशील द्यावा लागतो. तुम्ही २२ आहात, म्हणजे तुम्हालाही. त्याची प्रत राज्य दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते.

आणि ती रुजू होण्याआधी आगीच्या भोंग्याला लुकलुकणारे दिवे जोडून घ्या. ते स्वच्छतागृहात आणि रेकॉर्ड रूममध्येही हवेत, कारण तिथे ती एकटी असू शकते. बसवल्यावर एकदा सराव घ्या आणि त्या वेळी दिवा तिच्या टेबलावरून दिसतो का ते तिला विचारा.