युद्धाचं चित्र कुणाच्या बाजूने?

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी युद्धावरची चित्रं पाहिली. हात तयार आहे, पण जिकडेतिकडे रणगाडे आणि धूर, माणूस मुंगीएवढा. पुढचा कागद घेण्याआधी आपण कुणाच्या बाजूने काढतोय, ते ठरव.

हजारो वर्षं युद्धचित्रांचा खर्च बहुतेक वेळा जिंकणाऱ्यानेच केला. आजच्या इराकमधल्या प्राचीन असिरियाच्या सेनाखेरिब राजाने इ.स.पू. 701 मध्ये लाखीश शहर जिंकलं आणि तो वेढा आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात भिंतीभर कोरून घेतला. त्या शिळा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे फोटो मोठे करून बघ. सिंहासनावर राजा, पुढ्यात शरण आलेले लोक. पण तिथेच एक बैलगाडीही आहे, गाठोड्यांवर बायका-मुलं बसलेली. गाव कायमचं सुटलंय. कोरणारा राजाचा चाकर, तरी त्याच्या छिन्नीने ही गाडी टाळली नाही. मला ती राजापेक्षा मोठी वाटते.

स्पेनचा चित्रकार गोया याने बाजूच बदलली. नेपोलियनच्या सैनिकांनी 3 मे 1808 रोजी माद्रिदमध्ये लोकांना गोळ्या घातल्या. ते चित्र त्याने 1814 मध्ये रंगवलं. बंदुका रोखलेल्या सैनिकांचे चेहरे दिसतच नाहीत. जमिनीवरच्या कंदिलाचा सगळा उजेड पांढऱ्या सदऱ्यातल्या, हात पसरलेल्या माणसावर पडतो. शेजारी एकाने तोंड झाकून घेतलंय. उजेड कुणावर टाकायचा, हा निर्णय तुझ्या चित्रांत मला कुठेच दिसला नाही. गोयाची युद्धावरची मुद्राचित्रं तर त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाहीत; 1863 मध्ये, तो गेल्यावर 35 वर्षांनी ती लोकांपुढे आली. तेव्हा लगेच दाद मिळावी म्हणून यात पडू नकोस.

आणि जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोल्विट्झ. तिचा मुलगा पीटर 1914 मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला, अवघ्या अठराव्या वर्षी. त्याच्या स्मारकाच्या पहिल्या आराखड्यात मुलाचा देहही होता. 1932 मध्ये स्मारक उभं राहिलं तेव्हा उरले फक्त गुडघे टेकलेले आईबाप. मुलगा तिने काढूनच टाकला. अशी काटछाट करायला छाती लागते.

तिच्या ‘युद्ध’ या लाकूडठशांच्या मालिकेत रणांगण कुठेच नाही. त्यातलं ‘माता’ शोध: बायका एकमेकींना बिलगून मुलांभोवती कडं करून उभ्या आहेत. नवं काही काढण्याआधी ते कोळशाने उतरवून काढ आणि मला पाठव.