जावईबापू, ती खुर्ची नाकारू नका

प्रभूच्या नावात सलाम सगळ्यांना.

या वेळी ॲडलेडहून आपल्या सोलापूरच्याच एका माहेरवाशिणीचं पत्र आलंय. तिचे यजमान तिकडच्या मराठी मंडळात कित्येक वर्षं राबतात, खुर्च्या लावायच्या, साउंड सिस्टीम गाडीत घालून आणायची, हॉलची चावी परत करायची, हिशोब पैशापैशापर्यंत चोख, आणि आता मंडळातले सगळे म्हणतायत की पुढच्या वर्षी अध्यक्ष तुम्हीच व्हा, तर हे नको म्हणून बसलेत. कारणं तीन. एक तर आपण ख्रिस्ती, पुढं पुढं करणं आपल्याला शोभत नाही. दुसरं, मंडळाचा सगळ्यात मोठा कार्यक्रम गणपतीचा, मग मंडळातले काय म्हणतील आणि चर्चमधले काय म्हणतील. तिसरं, स्टेजवर बोलायला जमत नाही. ती विचारते, मावशी, मी आग्रह करू का गप्प बसू?

आग्रह कर. माहेर सोलापूरचं म्हणजे ते आमचे जावईच झाले, म्हणून पुढचं सगळं मी थेट त्यांनाच लिहिते.

जावईबापू, तुम्ही पवित्र शास्त्र वाचणारे आहात, तर शास्तेच्या पुस्तकातला नववा अध्याय काढा, आठव्या ओवीपासून. अबीमलेखानं आपल्या सत्तर भावांना मारून राज्य घेतलं, त्यातून वाचलेला धाकटा योथाम डोंगरावर चढून लोकांना गोष्ट सांगतो. झाडं राजा शोधायला निघतात. जैतुनाकडं, म्हणजे ऑलिव्हच्या झाडाकडं जातात, तो म्हणतो माझं तेल सोडून कुठं येऊ, अंजीर म्हणतं माझा गोडवा सोडून कुठं येऊ, द्राक्षवेल पण तेच म्हणते. तिघंही चांगली, तिघंही फळ देणारी आणि तिघंही आपल्या कामात गुंतलेली, तुमच्यासारखीच. शेवटी झाडं काटेझुडपाकडं जातात आणि ते लगेच तयार होतं, वर म्हणतं माझ्या सावलीत या, नाहीतर माझ्यातून आग निघेल. आता आपल्या जिल्ह्यात वेडी बाभूळ कुणी पाहिली नाही असं नाही, तिची सावली किती आणि काटे किती हे तुमच्या बायकोला विचारा. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले पण मला नेहमी वाटायचं दोष फक्त काट्याचा आहे, जैतुनाचा पण आहे हे फार उशिरा कळलं.

कळलं ते असं. नव्वदच्या दशकात आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब घरी आले होते, म्हणाले बाई तुम्ही शाळेत गणित शिकवता, खजिनदार व्हा. मी म्हटलं नको हो, मला कशाला मान, दुसऱ्या कुणाला द्या. त्या दिवशी मला अगदी नम्र वाटलं स्वतःबद्दल. मग ज्यांना दिलं त्यांना हिशोबाचं काही जमत नव्हतं आणि विचारायची पण तयारी नव्हती, वर्षभरात पावतीपुस्तकांचा मेळ लागेना आणि विधवा बायकांना महिन्याला जी मदत जायची ती तीन महिने थांबली. त्यातल्या एक आजी माझ्या दारात आल्या, तक्रार एक शब्दाची नाही, फक्त दोन वाट्या ज्वारीचं पीठ मागितलं. मी पीठ दिलं आणि आत जाऊन रडले कारण ते तीन महिने माझ्या नको म्हणण्यातून आले होते. पुढच्या निवडणुकीत मी स्वतः सांगून खजिनदार झाले आणि नऊ वर्षं ते काम केलं.

नम्रतेचं म्हणाल तर योहानाचा तेरावा अध्याय बघा. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले हे आपण सगळे सांगतो, पण पाय धुवून झाल्यावर तो काय म्हणाला ते आपण घाईत वाचतो. तो म्हणतो तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, मी तो आहेच. म्हणजे शिष्यांचे पाय धुतल्यावर पण त्यानं आपलं पद नाकारलं नाही. तुमचं तर निम्मं काम आधीच झालंय, खुर्च्या तुम्ही उचलताच, अध्यक्ष झाल्यावर पण उचला, कुणी हात धरलाय.

बोलायला जमत नाही हे मोशेनं पण सांगितलं होतं, देवानं त्याला लोकांचा पुढारी व्हायला बोलावलं तेव्हा, जड जिभेचा आहे म्हणून, त्याला सोबतीला भाऊ अहरोन मिळाला. तुम्ही एक चांगला बोलणारा उपाध्यक्ष घ्या. आणि तुमच्याच गावातली गोष्ट सांगते. ॲडलेडच्या मैदानावर 1948 मध्ये एकाच टेस्टच्या दोन्ही डावांत सेंच्युरी कुणी मारली, तर विजय हजारेंनी, जन्म सांगलीचा, मराठी ख्रिस्ती घरातला माणूस, स्वभावानं एकदम अबोल. त्याच अबोल माणसाच्या कॅप्टनशिपखाली भारतानं पहिली टेस्ट मॅच जिंकली, 1952 साली मद्रासला, इंग्लंडविरुद्ध. आणि त्याच ॲडलेडला 1967 मध्ये नेहमीचे कॅप्टन पतौडी जखमी होते तेव्हा भारताचे कॅप्टन होते चंदू बोर्डे, पुण्याचे, तेही मराठी ख्रिस्ती. एकच टेस्ट मिळाली कॅप्टन म्हणून, आयत्या वेळी, पण उभे राहिले ना. भाषण करणारे नव्हते हे लोक.

आता गणपतीचं. हा प्रश्न खरा आहे आणि मी तो हलका करणार नाही, कारण बरीच ख्रिस्ती कुटुंबं इथंच अडतात आणि मग मंडळात कायमची मागच्या रांगेत बसतात. माझं म्हणणं असं की होकार देण्याच्या आधी, नंतर नाही, कमिटीसमोर साधं सांगायचं. मी ख्रिस्ती आहे, पूजा आणि आरतीचं तुमच्यातलं कुणीतरी बघा, यजमान म्हणून मी बसणार नाही, पण हॉल, इन्शुरन्स, पार्किंग, जेवण, मुलांचे कार्यक्रम, जमाखर्च ही सगळी जबाबदारी माझी आणि त्यात तुम्हाला कमी दिसणार नाही. एवढं स्पष्ट बोललं की लोकांना बरं वाटतं, लपवाछपवी केली की मग ऐन कार्यक्रमात ताटकळायला होतं आणि मनं दुखावतात. दानीएल बाबेलच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर होता, राजाचं काम चोख केलं आणि प्रार्थना पण खिडकी उघडी ठेवून केली. बाबेलला बंदिवासात नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्र पाठवलं त्यात पण हेच, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. चर्चमधलं कुणी बोललं तर यिर्मयाचं हे पत्र त्यांना दाखवा, एकोणतिसावा अध्याय.

आणि सोलापूरच्या जावयाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. आपले चार हुतात्मे आठवा, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेले, चौघांची घरं वेगळी, देव्हारे वेगळे. गावानं पुतळे चौघांचे एकाच चौकात बसवले. आपले लोक माणूस बघतात, तुम्ही आपलेपणानं काम केलं तर तेही आपलं म्हणतील. पुण्याला जाताना गाडी दौंड सोडून केडगाव ओलांडते तेव्हा मी दर वेळी खिडकीशी बसते. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, अमेरिकेत राहिल्या, परत येऊन 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, आणि दुष्काळ पडला तेव्हा स्वतः फिरून मुली गोळा करून केडगावला आणल्या. दोन्हीकडून बोलणी खाल्ली त्या बाईनं, हिंदू समाजाकडून पण आणि मिशनच्या लोकांकडून पण. तुम्हाला एखादा टोमणा मिळेल, तो सोसवेल.

करायचं काय ते आता. नहेम्या हा यहुदी माणूस पारसाच्या (इराणच्या) राजाकडं शूशन राजवाड्यात नोकरीला होता, म्हणजे परदेशात चांगल्या जॉबवरचा माणूस, यरुशलेमला आल्यावर त्यानं आधी कुणाला काही न सांगता रात्री जाऊन शहराच्या तटाची पडलेली भिंत बघितली. तुम्ही पण होकाराच्या आधी मागच्या दोन वर्षांचा हिशोब मागून घ्या, बँकेत कुणाकुणाची सही चालते ते बघा, मराठी शाळेत शिकवणाऱ्या सगळ्यांचा मुलांसोबत काम करायचा सरकारी चेक झालाय का ते विचारा. भिंत त्यानं 52 दिवसांत पुरी केली, पण एकट्यानं नाही, ज्याच्या घरासमोर जो तुकडा तो त्यानं बांधायचा. कामं तशीच वाटा, नाहीतर सासरा इथ्रोनं मोशेला सांगितलं तसं होईल, तूही थकशील आणि लोकही थकतील. आणि नहेम्यानं 12 वर्षं अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, तर मंडळाच्या पैशातला चहा पण पावतीशिवाय नको. दोन वर्षांची मुदत आधीच जाहीर करा. शनिवार सगळे मंडळाला दिले आणि घरी पोरं बापाची वाट बघत बसली असं होऊ देऊ नका, महिन्यातले दोन शनिवार घरचे, हे लेखी ठेवा फ्रिजवर.

आणि पोरी, तू. ते कमिटीला फोन करायच्या आधी दोघांनी मिळून प्रार्थना करा, मग फोन त्यांनाच करू दे, तू त्यांच्या वतीनं बोलू नकोस. खजिनदार कोण होणार ते मात्र पहिल्यांदा विचारायला सांग, आणि कुणीच तयार नसेल तर तुझं बी.कॉम. झालंय असं तूच पत्रात लिहिलंयस.