चौफुली मोठी करण्यासाठी शेजारच्या तळ्याचा कोपरा भरला तर चालेल का?

भरू नका. मी भरायला लावलाय, म्हणून सांगतो.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अगदी चौफुलीवर, माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. मागे पाणथळ. आम्ही तिला डबकंच म्हणायचो. बेशरमाची झुडपं, प्लास्टिक, म्हशी. हिवाळ्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे यायचे, केळीच्या ट्रकचा उजेड पडला की एका पायावर उभे दिसायचे. मला त्यांचं कौतुक नव्हतं. दुकानातल्या पोराला त्याच चौकात मोटारसायकलवाल्याने उडवलं, पाय मोडला. त्या रागात मी रुंदीकरणाच्या अर्जावर सह्या गोळा केल्या. पहिली माझी.

माझा साडू मोजणी खात्यातून निवृत्त. कानबाईच्या जेवणात, सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला, "जागाच हवी ना? तुझा ओटा पाड. तळं कशाला बुजवतोस?" दीड वर्ष बोलणं बंद.

मुरूम पडला, चौक ऐसपैस झाला, आणि आधी बिचकत येणाऱ्या गाड्या सुसाट निघू लागल्या. पहिल्याच मोठ्या पावसात, एरवी मागच्या तळ्यात उतरणारं रस्त्याचं पाणी माझ्या शटरखालून आत. रात्री दोनला पोचलो तर खालच्या थरातल्या युरियाच्या गोण्या हाताला मऊ लागत होत्या. 45 किलोची गोणी एका हाताने उचलली गेली. चहावाला पायरीवर बसून म्हणे, "आते पानी कथा जाई, भो?" (आता पाणी जाणार कुठे, भाऊ?) पुढच्या उन्हाळ्यात काळ्या मातीवरचा तो भराव बसला, डांबराला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या.

अपघात कमी झाले ते नंतर, चारही बाजूंना रम्बलर, म्हणजे गाडी खडखडवणारे पट्टे टाकले, हायमास्ट दिवा लागला आणि रिक्षा थांबा शंभर पावलं पुढे नेला तेव्हा. यातल्या एकालाही तळ्याची इंचभर जागा लागली नाही.

तुम्ही आधी पोलीस ठाण्यातून तीन वर्षांच्या अपघातांची यादी काढा. राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे 5 अपघात झाले, की तो ब्लॅक स्पॉट ठरतो. तुमचा रस्ता महामार्ग नसला तरी तीच फूटपट्टी लावून बघा. रात्रीचे किती, उजवीकडे वळतानाचे किती, हे कळल्याशिवाय रुंदीकरण म्हणजे नुसता ठेका.

कायद्याच्या भरवशावर मात्र बसू नका. 2017 च्या पाणथळ नियमांत पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, पण पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यातून वगळलेत, आणि आपल्या खानदेशात बहुतेक तलाव तसलेच. सातबारा बघा. गावतळं म्हणून नोंद असेल तर गावाच्या सामाईक जागेवरची अतिक्रमणं हटवायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग निकाल कामाला येईल.

आता, लांब ट्रेलर खरंच वळत नसेल तर जागा लागतेच, ते मान्य. मग ती तळ्याच्या समोरच्या बाजूने घ्या. दुकानदार ओरडतील. ओरडू द्या, मीही ओरडलो होतो.

साडू अजून सांगत फिरतो की पोराचा अपघात माझ्या ओट्यामुळे झाला, पाच फूट रस्त्यात होता म्हणे. साडेतीन. टेप त्यानेच धरला होता.