नवी फोल्डिंग सायकल, अर्ध्या तासात गुडघे दुखतात. सीट किती उंच हवी?

तुमची उंची पाच फूट दहा, सायकल २० इंची चाकांची, आणि थांबल्यावर दोन्ही पाय सपाट टेकतील अशी सीट ठेवलीय. दुखण्याचं कारण बहुधा इथेच आहे. मीही सुरुवातीचे काही महिने असंच चालवलं. गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायचं, आणि मी वयाला दोष देत होतो.

सीटची उंची पेडलवरून ठरवायची. रोजचे बूट घालून, भिंतीला हात टेकून सीटवर बसा. एक पेडल पार खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवलात की गुडघा आपोआप किंचित वाकतो, तेवढाच वाक हवा. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा. फोल्डिंगचा मधला दांडा खाली असतो, त्यामुळे ते दोन दिवसांत जमतं.

आकडा हवा असेल तर अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ८२ सेंटिमीटर आले तर ७२.४. क्रँक (पेडल जोडलेला दांडा) जिथे फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटपोस्टच्या (सीटखालच्या नळीच्या) रेषेत एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. गुडघा पुढून दुखला तर सीट थोडी वर, गुडघ्यामागे ताण आला किंवा कंबर डुलायला लागली तर थोडी खाली.

फोल्डिंगची खरी अडचण पुढे आहे. घडी घालताना सीटपोस्ट खाली जातो आणि जमवलेली उंची दर वेळी हरवते. मी आधी चिकटपट्टी लावली, पण पोस्ट आत सरकताना क्लॅम्पने (पोस्ट आवळून धरणाऱ्या पट्टीने) ती खरवडून काढली आणि पोस्टला चिकट डाग राहिला. आता सीटखालच्या सळीला एक नाडी बांधलीय, तिला गाठ मारलीय. पोस्ट वर ओढत जायचा, ताणलेल्या नाडीची गाठ क्लॅम्पला टेकली की थांबायचं. लोकलमधून उतरल्यावर गर्दीत दहा सेकंदांत काम होतं.

पोस्टवर कोरलेली ‘मिनिमम इन्सर्शन’ची, म्हणजे पोस्ट किमान इथपर्यंत आत हवा सांगणारी खूण मात्र कधीच बाहेर दिसू देऊ नका, पोस्ट किंवा फ्रेम तुटू शकते. उंची त्याआधीच संपत असेल तर लांब पोस्ट घ्या, पण जाडी मोजून. फोल्डिंगच्या कंपन्यांपैकी डाहॉनचा बहुतेक ३३.९ मिलिमीटर असतो, ब्रॉम्प्टनचा ३१.८, आणि एकाचा दुसऱ्यात बसत नाही.

चालवताना सीट हळूहळू खाली बसत असेल तर पोस्टवर ग्रीस किंवा तेल लागलंय का बघा. स्पिरिटने पुसा आणि क्लॅम्पचा नट जरा आवळा. क्लॅम्पचा खटका बंद करताना तळहातावर त्याचा वळ उठला, की पकड पुरेशी आहे.

उंची एकदम वाढवू नका. आज एक सेंटिमीटर, दोन-तीन फेऱ्या मारा, मग पुढचा.