वाचकांचे प्रश्न : पदवीसाठी हायडेलबर्ग

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेची परीक्षा देत आहे. भौतिकशास्त्राच्या पदवीसाठी तिला जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात जायचे आहे. तेथे शिक्षण जवळपास मोफत असते आणि इंग्रजीवर निभावते, असे आमच्या एका परिचितांनी सांगितले. निकाल लागताच अर्ज करावा काय?
– एक पालक, सांगली

उत्तर : मुलीची निवड उत्तम आहे. १३८६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने आहे. वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत बुन्सेन आणि किर्खहोफ या शास्त्रज्ञांनी याच शहरात विकसित केली आणि १८६० व १८६१ साली तिच्याच आधारे सीझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधून काढली. तिथे भौतिकशास्त्र शिकावे असे एखाद्या मुलीला मनापासून वाटणे मला फार मोलाचे वाटते. म्हणूनच आपल्याला मिळालेल्या माहितीतली गफलत स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

हायडेलबर्गमध्ये इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर आहेत. भौतिकशास्त्राची पदवी जर्मन भाषेतूनच घ्यावी लागते. त्यासाठी साधारणतः सी-१ या प्रगत पातळीचे जर्मन, म्हणजे जर्मन भाषेच्या परीक्षांपैकी ‘डीएसएच’मध्ये दुसरी पातळी (‘डीएसएच-२’) किंवा ‘टेस्टडाफ’च्या चारही भागांत चौथी श्रेणी अपेक्षित असते. दुकानात बोलता येण्याइतकी भाषा आणि व्याख्यान ऐकत असतानाच गणिती सिद्धता उतरवून घेण्याइतकी भाषा यांत मोठे अंतर आहे. पहिल्याच सत्रात दर आठवड्याला सोडवण्यासाठी प्रश्नसंच मिळतात आणि त्यांत ठरावीक गुण मिळवल्याशिवाय सहसा लेखी परीक्षेला बसता येत नाही. व्याख्यानांना हजेरीची सक्ती बहुधा नसल्यामुळे, मागे पडलेल्या विद्यार्थ्याकडे कोणी आपणहून लक्ष देईल याची खात्री नसते. भाषेत कच्ची असलेली हुशार मुलगी येथे विषयामुळे अडत नाही, प्रश्न नीट न कळल्यामुळे अडते, आणि ते पाहणे फार क्लेशदायक असते.

दुसरी अडचण पात्रतेची. केवळ बारावीच्या गुणांवर भारतीय विद्यार्थ्याला जर्मन विद्यापीठात सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असणे किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणे, हे संबंधित विषयापुरते थेट प्रवेशाचे मार्ग आहेत. अंतिम निर्णय विद्यापीठ घेते, म्हणून अर्जापूर्वी त्यांच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी उत्तर मागवावे.

माझा सल्ला असा : मुलीने यंदा एखाद्या चांगल्या महाविद्यालयात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घ्यावा आणि त्याच्या जोडीने नेटाने जर्मन शिकावे. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट या दोन्ही ठिकाणी चांगली सोय आहे. एका वर्षात सी-१ गाठणे कठीण आहे. दोन वर्षे लागली तरी खुशाल लागू द्यावीत. हायडेलबर्गच्याच दक्षिण आशिया संस्थेतले जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर मराठी शिकून महाराष्ट्रात राहिले, म्हणून त्यांना धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाची उपासना यांवर इतके सखोल काम करता आले. त्यांचे उदाहरण आपल्या मुलीला अवश्य सांगावे. मात्र तिला भाषेची मुळीच गोडी लागली नाही, तर बीएस्सी येथेच पूर्ण करून तिथल्या इंग्रजी माध्यमातल्या एमएस्सीला अर्ज करावा. तो मार्ग कमी दर्जाचा नाही, आणि आपल्या मुलीसाठी कदाचित तोच अधिक योग्य ठरेल.

‘जवळपास मोफत’ हेही हायडेलबर्गला लागू पडत नाही. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क आहे; सत्राचे प्रशासकीय शुल्क वेगळे.

प्रश्न : मी सध्या जर्मन शिकत आहे. हायडेलबर्गला राहण्याचा खर्च अर्धवेळ कामातून निघू शकेल काय? जुन्या शहरातच खोली मिळेल काय?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पूर्ण खर्च कामातून निघेल असे गृहीत धरू नका. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. पण पहिल्या वर्षी अभ्यासातूनच वेळ उरत नाही. व्हिसासाठी सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे ठरावीक रक्कमच दरमहा काढता येणाऱ्या खात्यात, आधीच भरावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. भारतीय प्रमाणपत्रांची ‘एपीएस’ या जर्मन पडताळणी केंद्राकडून होणारी तपासणीही नोव्हेंबर २०२२ पासून आवश्यक झाली आहे. तिला वेळ लागतो, म्हणून ते काम सर्वांत आधी उरकावे.

खोलीबाबत मन मोकळे ठेवा. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून हे शहर बव्हंशी वाचले. त्यामुळे किल्ल्याच्या पायथ्याची जुनी वस्ती पाहताक्षणी मोह घालते, पण तेथे खोल्या थोड्या आणि भाडी जास्त आहेत. विज्ञानाच्या बहुतेक इमारती नेकार नदीच्या पलीकडे, नॉयेनहायमर फेल्ड या भागात आहेत, त्यामुळे विज्ञान शिकणाऱ्यांना जुन्या वस्तीत राहून जाण्यायेण्याची फारशी सोयही होत नाही. प्रवेश मिळाल्याचे पत्र हाती येण्याची वाट न पाहता, नियमांत बसत असेल तर अर्ज करतानाच विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहासाठी नाव नोंदवावे. खोली प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसामार्फत पाहिल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम पाठवू नये.