माशांच्या टाकीत टायगर बार्ब मासा एंजल माशाच्या मागे लागलाय?

एंजलचे लांब पर कडेने फाटल्यासारखे दिसतात ना, ते बार्बचंच काम. एंजल आजच वेगळ्या टाकीत हलव. फायटर, गप्पी यांनाही बार्बसोबत ठेवू नकोस, लांब शेपटी दिसली की ते तोडणारच. दोन-तीनच बार्ब असले तर जास्त त्रास देतात. 8-10 चा थवा केलास की आपसातच पाठलाग करत राहतात. त्यासाठी टाकी निदान 100 लिटरची हवी.

लपायला करवंट्या दे. काथ्या पूर्ण खरवड, कडेला भोक पाड, पाणी तांबूस व्हायचं थांबेपर्यंत उकळ. आपल्या रत्नागिरीत करवंटीला काय तोटा! भाट्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले मात्र अजिबात नकोत, त्यातला चुना हळूहळू पाण्यात उतरतो.